स्टुलावरच्या माणसाला विचारा

गुरुवार, 3 ऑक्टोबर 2024

आज घटस्थापना, म्हणून ओपीडी निम्मीच. एरवीच्या गुरुवारी दोन वाजेपर्यंत साठेक केसपेपर होतात. जिल्ह्याहून येणारे मानसोपचार डॉक्टर, एक सिस्टर आणि मी सोशल वर्कर. खोली आमची स्वतःची नाही. बीपी-शुगरच्या क्लिनिकची अर्धी खोली मिळाली आहे, मधे हिरवा पडदा.

गर्दी नव्हती म्हणून नुसतं बघत बसले. टेबलाच्या कडेला रुग्णासाठी स्टूल. त्याच्या पाठीशी फाइल धरून आई, भाऊ, नवरा, सासरा, जो कुणी आला असेल तो उभा. सर मान वर करून विचारतात, "झोपतो का? जेवतो का? गोळ्या घेतो? बडबड कमी आहे?" उत्तरं वरून येतात आणि कागदावर उतरतात. स्टुलावरचा माणूस तोवर समोरचं कुटुंबनियोजनाचं पोस्टर वाचत असतो. त्याचे हात तेवढे बघितले जातात, थरथर आहे का म्हणून. सर भले आहेत, कुणावर खेकसत नाहीत, कुणाला परत पाठवत नाहीत. तरी आज बहुतेकांना थेट असा एकही प्रश्न विचारला गेला नाही.

तोच माणूस व्हरांड्यात मात्र घडाघडा बोलतो. आज तिथं सगळ्यांना एकच विचारायचं होतं: नऊ दिवसांचा उपास आहे, गोळी चालते का? दोघी-तिघींनी सकाळपासूनच बंद केली होती. मी सांगितलं, शेंगदाणे चालतात तशी गोळीही चालते, देवीला औषधाचा राग नाही. देवीच्या वतीनं बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, पण उपयोग होतो. टेबलापाशी हे एकीनंही काढलं नव्हतं.

या वहीत नावं लिहीत नाही. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचं आहे. ते मी घरातल्या वहीलाही लागू धरते.

गुरुवार, 10 ऑक्टोबर

जागतिक मानसिक आरोग्य दिन. बॅनर, नर्सिंगच्या मुलींची फेरी, पाहुण्यांचं भाषण. यंदाचा विषय कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर कामाचं ठिकाण म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला नाहीतर कर्नाटकातला उसाचा फड. भाषण बॉस आणि लॅपटॉपवर झालं. टाळ्याही झाल्या.

बाविशीचा मुलगा, कॉलेज अर्ध्यात सुटलेलं, ओलान्झापिनवर. आई म्हणाली, झोप चांगली, वजन वाढलंय, आवाज कमी झालेत. तो मधेच म्हणाला, "कमी न्हाईत. ते काय म्हणत्यात ते…" सर म्हणाले, "असू दे. त्यांच्याकडं लक्ष द्यायचं नाही, गोळी चुकवायची नाही," आणि हसले. मायेनंच हसले. पुढचा पेपर आला.

रोझ मॅकेब आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. इंग्लंडमधल्या बाह्यरुग्ण विभागातल्या 32 भेटींचं चित्रीकरण करून त्यांनी एकेक वाक्य तपासलं. सायकोसिसचे रुग्ण आपल्याला काय ऐकू येतं, काय वाटतं, हे सांगायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते. डॉक्टर उत्तर देण्याऐवजी उलटा प्रश्न टाकत, अडखळत, किंवा हसत. हसणं विशेषतः सोबत घरचं माणूस असताना. आज अगदी तेच डोळ्यांसमोर घडलं.

व्हरांड्यात त्याला बाकावर बसवलं. आवाज वारलेल्या चुलत्याचा आहे. रात्री विहिरीवर बोलावतो. "एकदा गेल्तो. कठड्यापतोर." आईला हे ठाऊक नव्हतं. रांग मोडून त्याला परत आत नेलं आणि रांगेतल्यांचं बोलणं खाल्लं. या वेळी सरांनी पेन खाली ठेवलं. दहा मिनिटं बोलले, आणि बरंचसं त्याच्याशीच. आवाज काय करायला सांगतो यावर धोका ठरतो, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. सकाळी फक्त विचारायचं राहिलं होतं.

भरती करायचं ठरलं तशी आईनं तोंडाला पदर लावला. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेरची, त्यामुळे इथं भरती म्हटलं की लोकांना येरवडाच दिसतो. जिल्हा रुग्णालयातला वॉर्ड आहे, तू सोबत राहायचंस, असं सांगितलं तेव्हा तिनं श्वास सोडला. मुलगा स्वतः तयार होता. कायद्यात याला स्वतंत्र भरती म्हणतात, सही त्याची त्यानंच करायची. त्यानं इंग्रजीत केली, नीट, खाली रेघ मारून.

सोमवार, 14 ऑक्टोबर

आशांचं प्रशिक्षण. आत्महत्येचा विचार येतो का हे विचारायचं कसं, हा आजचा धडा. एक जुनी आशा उभी राहिली, "मॅडम, ज्याच्या डोक्यात न्हाई त्याच्या डोक्यात आपणच घालायचं का?"

हा प्रश्न नुसत्या आशांना पडतो असं नाही, शिकलेल्या डॉक्टरांनाही पडतो. विचारल्यानं धोका वाढत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. पण एवढ्यानं कुणाची जीभ सैल होत नाही. म्हणून जोड्या लावल्या आणि एकमेकींना विचारायला लावलं. "वाईट विचार येतात का?" हे आधी बाद केलं, त्याला घरंदाज बाई 'नाही'च म्हणणार. मग तीन पायऱ्या ठरल्या. जीव नकोसा होतो का? जीव द्यायचं मनात आलं होतं का? आलं तर कसं करायचं ठरवलं होतं? तिसऱ्या पायरीवर सगळ्याजणी अडल्या. काम मात्र तिसऱ्याच्या उत्तरावरच ठरतं: फवारणीचा डबा घरात कुठं असतो, कुलूप आहे का, किल्ली कुणाच्या कमरेला. जेवणाच्या सुट्टीत एकीनं घरी फोन लावला आणि बाजेखालचा डबा शेजारच्या पत्र्याच्या खोलीत हलवायला सांगितलं. घरात तसं काही नाही, पण असू नये म्हणून, म्हणाली.

दुसरी भीती पोलिसांची. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं 309 कलम जुन्या दंडविधानातलं. 1 जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते नाही. त्याआधीही 2017च्या कायद्यातलं कलम 115 सांगत होतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. वस्तीवर हे पोचलेलं नाही. तिथं अजून "खोकल्याचं औषध समजून प्याला" हेच चालतं. आणि ते तसंच कागदावर उतरलं की त्या माणसाशी बोलायचं कारणच संपतं, पोट धुऊन घरी.

गुरुवार, 17 ऑक्टोबर

आज एका जोडप्यात अर्धा तास गेला आणि मला त्याचं काही वाटत नाही.

नवरा चाळिशीचा, बायपोलर आजार, सहा वर्षं लिथियमवर. लिथियम हे फार जुनं औषध, जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानं 1949 साली त्याचा उपयोग दाखवला. अजूनही त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. पण ते रक्तात किती आहे हे मोजत राहावं लागतं. कमी पडलं तर लागू नाही, थोडं जास्त झालं तर विष. पाणी आणि मीठ शरीरातून गेलं की ते वाढतं.

मुकादमाकडून उचल घेऊन झाली आहे. दोघं मिळून एक कोयता. महिन्याभरात गाडी निघेल, फडात सहा महिने. दुपारच्या उन्हात घाम, पाणी लांबच्या पाइपाचं, जुलाब ठरलेले. केसपेपरवर सहा वर्षांत 'भरपूर पाणी पिणे' असं अनेकदा लिहिलेलं आहे. का प्यायचं, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी विचारलं, का सांगितलं असेल? "गोळी गरम पडती म्हणून."

मग फडात अंग दुखल्यावर काय करता? बायको म्हणाली, टोळीत सगळ्यांकडं असतात त्या दुखण्याच्या गोळ्या. पिशवीतून पाकीट काढलं: डायक्लोफेनॅक. लिथियमबरोबर नेमकी हीच नको, तिच्यानं लिथियम रक्तात साठतं. आयब्युप्रोफेनचंही तेच. सहा वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं, मीही धरून. त्यानंही आपणहून सांगितलं नव्हतं, कारण अंगदुखीची गोळी हे त्याच्या लेखी औषधच नव्हतं, चहा-तंबाखूसारखी रोजची वस्तू होती.

सरांना बोलावलं. त्यांनी लगेच पॅरासिटामॉल लिहून दिलं, रक्तातलं लिथियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं आणि या खेपेला त्याच्याकडं बघून समजावलं. मी म्हटलं, दादा, आता तुम्ही मला सांगा. तो जरा वेळ गप्प राहिला. तरुणपणी गुऱ्हाळावर होता. म्हणाला, "काहिलीत रस आटला की पाक घट्ट. अंगातलं पाणी आटलं की गोळी घट्ट." इतकी वर्षं मी बाकीच्यांना पाण्याचा हिशेब सांगत होते, इतकं सरळ मला जमलं नव्हतं. आता सगळ्यांना हेच सांगते.

कलम 22 म्हणतं की रुग्णाला आजाराची आणि औषधाची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. मिळाली का, हे तपासायचा मला एकच मार्ग माहीत आहे: त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं.

पुन्हा वदवलं. हात जास्त थरथरले, झोक गेला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी फोन. चार चित्रं काढून कागद दिला. मुलगा आठवीत आहे, तो वाचून दाखवेल. पण मुलगाही फडावर जाणार आहे.

गुरुवार, 24 ऑक्टोबर

सासूबरोबर आलेली सून, तेवीस वर्षांची. सासू सांगते, गोळ्या घेत नाही, मग घरात भांडण काढते. सून स्टुलावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळते आहे.

पडद्याला दार नाही, म्हणून सासूला 'बाहेर थांबा' म्हणायची सोय नाही, आणि म्हटलं तर ती बाहेर कान लावून उभी. यावर सिस्टरनी काढलेला उपाय मला फार आवडतो. त्या सासूला प्रेमानं म्हणतात, "आजी, तुमचं बीपी कधी बघितलंय? या इकडं." पडद्यापलीकडं बीपी, शुगर, वजन, पाच मिनिटं मिळतात. कधीकधी बीपी खरंच वाढलेलं निघतं, मग दहा.

सुनेनं सांगितलं ते असं. रिस्पेरिडोन सुरू झाल्यापासून चार महिने पाळी नाही. छातीतून पाणी येतं. घरच्यांना वाटलं दिवस गेले. पेढे वाटायचंच बाकी होतं. तपासणीत काही निघालं नाही, आणि तेव्हापासून घरात तिच्याकडं बघायची नजर बदलली. म्हणून गोळ्या बंद. पुरुष डॉक्टर, मागं सासू, ती कुठल्या तोंडानं बोलणार?

हे त्या औषधाचं पाठ्यपुस्तकातलं काम आहे. प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी थांबते, दूध येतं. औषध बदलता येतं, सरांनी बदललं. पेपरवर आधीच्या दोन भेटींत 'गोळ्या घेण्यास नकार, आजाराची जाणीव नाही' असं लिहिलेलं होतं. तिला आजाराची जाणीव होती, घरादाराचीही होती.

मग सासूला काय सांगायचं, ते आधी तिला विचारलं. म्हणाली, गोळीमुळं झालं एवढं सांगा, बाकी नको. तेवढंच सांगितलं. सासू म्हणाली, "मग आधी का न्हाई सांगितलं डॉक्टरनं?" बरोबर आहे.

शुक्रवार, 1 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. गेल्या आठवड्यातली सून फोनवर हवी होती, नंबर नवऱ्याचा. तो म्हणाला, ती कामात आहे. 14416 हा टेलिमानसचा नंबर आम्ही सगळ्यांना छापून देतो, 2022पासून चालू आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. फोन कुणाच्या खिशात आहे, हे कागदावर छापता येत नाही.

गुरुवार, 7 नोव्हेंबर

चहाच्या टपरीवर सरांशी भांडण. भांडण म्हणजे आमच्यात होतं तसं, बिस्किटं संपेपर्यंत.

सरांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. देशात लाख लोकांमागं एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही, पाऊण पडतो. साठ पेपर आणि चार तास. शिवाय शिकवणीच तशी आहे: केस लिहायची तर वर आधी माहिती देणारा कोण, तो भरवशाचा आहे का, हे लिहायचं. उन्मादातला माणूस विचारल्यावर 'मी एकदम मस्त' म्हणणार. त्यानं बैल विकून मोटारसायकल आणली हे भाऊच सांगणार. भावाला गप्प करून कसं चालेल?

मी म्हटलं, भावाला गप्प करू नका, दुसरा नंबर द्या. पहिला प्रश्न स्टुलावरच्या माणसाला, त्याचं नाव घेऊन, अहो-जाहो करून. दोन मिनिटं त्याची. मग "तुमच्या भावाला विचारू का?" असं त्यालाच विचारून भावाकडं वळा. सर म्हणाले, "साठ पेपरांची दोन-दोन मिनिटं म्हणजे दोन तास गेले." मी म्हटलं, त्या सुनेच्या आधीच्या दोन भेटी फुकट गेल्या, त्यांची मिनिटंही धरा. ते हसले नाहीत. जुन्या, स्थिर रुग्णांच्या नुसत्या गोळ्या सिस्टरनी आणि मी बघून पुढं सरकवायच्या, त्यातून वेळ काढायचा, असं ठरलं.

एक मुद्दा सरांचा मला मान्य करावा लागला. मी रुग्णाच्या बाजूची म्हणून आईबापांकडं जरा संशयानं बघते. पंधरा वर्षं मुलाच्या मागं धावलेल्या आईला "तुम्ही नंतर" म्हणताना आवाज सांभाळायला हवा.

गुरुवार, 14 नोव्हेंबर

नव्या पद्धतीचा आज चांगलाच कस लागला. पन्नाशीचा माणूस, स्किझोफ्रेनियाचे जुने उपचार, दर महिन्याला धाकटा भाऊ आणतो. सरांनी विचारलं, "काका, कसं चाललंय? तुम्ही सांगा." त्यानं भावाकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "बोल की." तो म्हणाला, "माझ्या जमिनीवर ह्यांनी पैसे काढलेत."

भावानं कपाळावर हात मारला. पेपर चाळला तर 'भावाबद्दल संशय' अनेक पानांवर. सरांनी डोस वाढवायला पेन उचललं आणि मग माझ्याकडं बघितलं. सातबारा मोबाइलवर दिसतो. मी काढला. त्याचं नाव आहे, हिस्सा आहे, आणि इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. भाऊ म्हणाला, हो, घेतलंय, औषधपाण्यालाच घेतलं, सही त्यानंच केली. काका म्हणाले, "सही कशाची ते सांगितलं का?" त्याच दमात पुढं म्हणाले, सरपंचानं जमिनीखाली मशीन बसवलंय, ते रात्री ऊस खेचून घेतं.

सर मला म्हणाले, "आता पेपरवर काय लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिहा. बोजा खरा, मशीन आजार. कायद्यात मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, तालुका विधी सेवा समितीचा पत्ता दिला. आणि भावाऐवजी दुसरं कुणी प्रतिनिधी म्हणून नेमता येतं, हेही काकांना सांगितलं. बहिणीचं नाव घेतलं त्यांनी. भाऊ जाताना माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग मला समजतो. बसभाड्यापासून जेवणापर्यंत सगळं त्यानंच केलं आहे, आणि भर ओपीडीत हे.

गुरुवार, 21 नोव्हेंबर

काल मतदान झालं आणि रात्रीपासून ट्रक हलायला लागले. मुकादमांनी त्यासाठीच माणसं धरून ठेवली होती. फडावर जाणाऱ्यांची आज झुंबड, सगळ्यांना लांबच्या मुदतीची औषधं हवीत.

लिथियमवाले दादा आले. लिथियमचा रिपोर्ट हद्दीत. दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सर कचरले, एवढ्या गोळ्या म्हणजे जीव द्यायला पुरेशा. पूर्वी हे ते बायकोला बाजूला घेऊन बोलले असते. आज त्यालाच विचारलं, तिन्ही पायऱ्या. तो म्हणाला, चार वर्षांपूर्वी आलं होतं मनात, आता नाही, पण गोळ्या हिच्याकडं असू द्या. एक महिन्याच्या दिल्या, पुढच्या महिन्याच्या मुलाच्या मामाबरोबर पाठवायच्या. कर्नाटकाच्या हद्दीवर जाणार आहेत, म्हणून तिथल्या डॉक्टरसाठी इंग्रजीत चिठ्ठी, आणि त्याच्यासाठी तीच मराठीत, मोठ्या अक्षरात. बायकोनं दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवल्या.

विहिरीचा मुलगाही आला होता, भरतीतून परतलेला. आवाज आहे, पण लांबून येतो म्हणाला. आईला बाहेर बसवून आला, आपणहून.

मंगळवार, 3 डिसेंबर

दुपारी फडावरून फोन, बायकोचा. कालपासून जुलाब, हात लई थरथरतात, गोळी सकाळपासून थांबवली, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं. सरांना जोडून घेतलं. त्यांनी आधी तिचं ऐकलं, मग म्हणाले, "ताई, फोन त्यांच्याकडं द्या." चालताना झोक जातो का, बोलणं जड वाटतं का, लघवी किती वेळा झाली, दुखण्याची गोळी घेतली का, सगळं त्यालाच विचारलं. दुखण्याची घेतली नव्हती. बोलणं स्वच्छ होतं. तरी आजच जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सलाइन आणि रक्त, इंग्रजी चिठ्ठी दाखवायची, रिपोर्ट बघितल्याशिवाय गोळी पुन्हा सुरू करायची नाही.

दवाखाना अकरा किलोमीटरवर. मुकादम मोटारसायकल देतो म्हणाला, पण दोघांचाही आजचा खाडा धरणार आहे. तो उचलीतून कापू नये म्हणून सरांनी दाखला लिहून दिला, फोटो काढून पाठवला. मुकादमानं अजून बघितलेला नाही.